केक समजून भाजलेली वडी : खजूर-अक्रोड बारचे एक प्रकरण

गेल्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सदाशिव पेठेतील एका घरातून मला बोलावणे आले. त्या घरातील सून तीन वर्षांपूर्वी माझ्या घरगुती बेकिंगच्या वर्गाला येऊन गेली होती. तिची तक्रार अशी होती की, एका जुन्या अमेरिकी कृतीवरून खजूर-अक्रोडाचे बार तीनदा केले, तीनदा फसले आणि तीनही वेळा निरनिराळ्या तऱ्हेने फसले. पदार्थ दर वेळी एकाच रीतीने बिघडत असेल तर दोष शोधणे तुलनेने सोपे जाते. परंतु पहिला घाणा जाळीदार, दुसरा मऊ आणि तिसरा विटेसारखा होऊ लागला की घरातील माणसे सहसा कृतीवरच खापर फोडतात. येथेही तेच झाले होते. "कार्डच चुकीचं असणार, ताई," असे सुनेचे ठाम मत होते. कार्ड बरोबर होते. नेमके काय चुकत होते ते उलगडायला आम्हाला जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि त्यातील एक मोठी चूक माझ्याच वर्गातून त्या घरात गेलेली असल्यामुळे हे प्रकरण सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

घरातील माणसांची ओळख थोडक्यात करून देते, कारण तिचा पुढे संबंध येतो. काका आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. १९६९ ते १९७१ या काळात ते अमेरिकेतील ओहायो राज्यात शिकायला होते, आणि ज्या घरात ते खोली घेऊन राहत, तेथील मालकीणबाई नाताळच्या सुमारास हे बार करून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवीत. परत येताना त्यांनी कृतीचे कार्ड काकांच्या हाती दिले. ते पन्नासहून अधिक वर्षे एका चोपड्यात पडून होते, कारण घरात ओव्हन नव्हता, आणि त्या काळी पुण्यात नानकटाई करायची झाली तरी मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन जवळच्या बेकरीच्या भट्टीवर जाण्याची रीत होती. भट्टीवाल्याला इंग्रजी कार्ड दाखवून अंड्याचा पदार्थ करून मागण्याइतकी हौस काकांना नसावी. सुनेने ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा घरगुती ओव्हन, घेतला तेव्हा कार्ड बाहेर आले. करण्याचे काम काकूंनी स्वतःकडे घेतले. काकूंचा हात अत्यंत तयार आहे; त्यांच्या नारळाच्या वड्या आणि गूळपापडी नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. मात्र काकू अंडे खात नाहीत. ओटीजी सज्जातल्या ओट्यावर आहे, अंड्याचे पातेले, रवी आणि चमचे वेगळे आहेत, आणि आपण केलेला हा पदार्थ त्यांनी आजवर एकदाही चाखलेला नाही. पदार्थ कसा झाला हे त्यांना इतरांच्या शब्दांवरूनच कळत होते, आणि प्रकरणाची गाठ येथेच होती.

कार्ड

कार्डावर मजकूर फार नाही. २ अंडी, १ कप साखर, पाऊण कप मैदा, पाव छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा व्हॅनिला, १ कप चिरलेला खजूर, १ कप अक्रोडाचे तुकडे. अंडी व साखर फेटावी, कोरडे जिन्नस मिसळावे, ८ इंचांच्या चौकोनी डब्यात ३५० अंश फॅरनहाइटवर २५ मिनिटे भाजावे, गरम असतानाच कापावे आणि पिठीसाखरेत घोळवावे. लोणी, तेल, दूध, पाणी यांचा कोठेही उल्लेख नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अमेरिकी घरांत रुळलेला हा जुन्या पद्धतीचा बार असाच असतो. वर-खाली ओटचा चुरा आणि मध्ये शिजवलेल्या खजुराचा थर असलेला आणखी एक बार तिकडे खजुराच्याच नावाने ओळखला जातो, पण तो पूर्णपणे वेगळा पदार्थ आहे आणि त्याच्या कृतीतून या कार्डाला काही उधार घेता येत नाही.

मी पहिल्यांदा केले ते एवढेच की, कार्डावरील मापे वजनात उतरवली. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. त्या हिशोबाने साखर २०० ग्रॅम, मैदा ९०, खजूर १५०, अक्रोड ११५, आणि कवचाशिवाय दोन अंडी १०० ग्रॅम होतात. साखर मैद्याच्या दुपटीहून अधिक आहे. खजुराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग साखरेचाच असतो, तोही जमेस धरला तर ९० ग्रॅम मैद्याला ३०० ग्रॅमच्या आसपास साखर पडते. आता पाणी पाहावे. अंड्याच्या गरात सुमारे पाऊण हिस्सा पाणी असते, म्हणजे दोन अंड्यांतून ७५ ग्रॅम पाणी मिळते, आणि खजुराच्या अंगातले पाणी सोडले तर मिश्रणात येणारे सगळे पाणी एवढेच. ७५ ग्रॅम पाण्यात २०० ग्रॅम साखर! हे आकडे मी मोठ्याने वाचले तेव्हा काकूंनी हातातली परडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, हा तर पाकच झाला." या एका वाक्यात सगळे निदान होते, परंतु ते माझ्याही लक्षात त्या क्षणी पूर्णपणे आले नाही; मी ओव्हनकडे वळले.

तीन घाणे

पहिल्या घाण्याच्या वेळी काकूंनी कपाऐवजी घरातली वाटी वापरली. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की प्रमाण बिघडत नाही, हा आपल्या स्वयंपाकातला नेहमीचा आणि एरवी अगदी योग्य असा हिशोब आहे. मी त्या वाटीत पाणी भरून मोजले. १६० मिलिलिटर भरले, म्हणजे अमेरिकी कपाच्या दोन तृतीयांश. साखर, मैदा, खजूर, अक्रोड या सगळ्यांचे माप त्यानुसार खाली आले, पण अंडी वाटीने मोजत नाहीत. ती दोनच राहिली. आपल्याकडची अंडी अमेरिकेतील मोठ्या अंड्यांपेक्षा लहान असतात. या घरातील अंडे कवचासह ५२ ग्रॅम आणि कवचाशिवाय ४५ ग्रॅम भरले. तेवढी सूट देऊनही उरलेल्या जिनसांच्या मानाने अंड्याचे प्रमाण कार्डापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक वाढले होते. जादा अंडे म्हणजे जादा पाणी आणि उष्णतेने घट्ट होणारी जादा प्रथिने. बार जाळीदार झाला आणि त्याला ऑम्लेटचा वास आला, यात आश्चर्य काही नव्हते.

दुसऱ्या घाण्याला सुनेने मापाचे कप आणले. या वेळी मिश्रण कार्डाप्रमाणे झाले, म्हणजे फार घट्ट झाले. चमचा उभा राहील, खजुराचे तुकडे ओढून ओढून मिसळावे लागतील, इतके. तसेच ते असायला हवे. परंतु केकचे मिश्रण चमच्यावरून रिबिनीसारखे सुटते हे तिने माझ्याकडे शिकलेले असल्यामुळे हे मिश्रण तिला कोरडे वाटले, म्हणून तिने पाव कप दूध आणि ५० ग्रॅम लोणी घातले. शिवाय घरात होता तो ७ इंचांचा गोल डबा घेतला. ८ इंचांच्या चौकोनी डब्याचे क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, ७ इंची गोल डब्याचे साडेअडतीस; म्हणजे थर दीडपटीहून जास्त जाड झाला. जे बाहेर आले तो खजूर-अक्रोडाचा केक होता, आणि उत्तम होता. नातवंडांनी तो संध्याकाळपर्यंत संपवला. काकांनी एक तुकडा खाऊन "छान आहे, पण हे ते नाही" असे सांगितले. पुण्यातील कोणत्याही बऱ्या बेकरीत मिळेल असा तो केक होता हे खरे, आणि ज्यांना तेवढाच हवा असेल त्यांनी दुसऱ्या घाण्यापाशीच थांबावे असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

तिसऱ्या घाण्याला दूध-लोणी वगळले. बोहरी आळीतून चौकोनी डबा आणला, पण "लहानापेक्षा मोठा बरा" या न्यायाने तो ९ इंचांचा निघाला. ८१ चौरस इंचांवर तेच मिश्रण पसरल्याने थर एक पंचमांशाने पातळ झाला आणि साहजिकच लवकर भाजला गेला. असे असूनही तो ओव्हनमध्ये तब्बल ४० मिनिटे राहिला, कारण सुरी कोरडी निघत नव्हती. सुरी खुपसावी, ती कोरडी निघाली की केक झाला, ही खूण मी माझ्या प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. या बारमध्ये ती खूण दोन कारणांनी निरुपयोगी आहे. एक तर इतका खजूर असलेल्या पदार्थात सुरी खजुरातूनच जाते, आणि खजूर कितीही भाजला तरी सुरीला चिकटणारच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे : येथे चिकटपणा हा कच्चेपणाचा पुरावा नसून, ज्यासाठी हा पदार्थ करायचा त्याचाच तो अंश आहे. सुरी कोरडी निघेपर्यंत थांबणे म्हणजे तो अंश उडून जाईपर्यंत थांबणे. दुसऱ्या दिवशी काकांनी तो बार चहात बुडवून खाल्ला. उरलेले तुकडे सुनेने पावाच्या एका कापासह घट्ट झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवले. पावातली ओल शोषून मधले तुकडे खाण्याजोगे झाले, कडेचे मात्र शेवटपर्यंत चामटच राहिले.

तपासणी

शंका पुष्कळ होत्या. मुलाचे म्हणणे असे की, पुणे उंचावर असल्याने अमेरिकी कृती येथे चालत नसावी. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आहे आणि उंचीसाठी कृतीत फेरफार करण्याची वेळ साधारण ९०० ते १,००० मीटरच्या पुढे येते, त्यामुळे ती शंका तेथेच सोडून दिली. ओव्हनची शंका मात्र रास्त ठरली. ३५० अंश फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, आणि बटण १८० वर होते; परंतु जाळीच्या मधोमध ओव्हनचे थर्मामीटर ठेवून पंधरा मिनिटांनी पाहिले तेव्हा काटा १९० ते २१० यांच्यामध्ये हिंदकळत होता. लहान ओटीजींच्या बाबतीत हे इतके सर्रास आढळते की, बटणावरचा आकडा ही केवळ सूचना समजावी, असे मी आता सांगू लागले आहे. बटण १६० च्या जरा पुढे ठेवले की या ओव्हनमध्ये आत १८० च्या आसपास मिळतात, हे आम्ही खडूने भिंतीवरच लिहून ठेवले.

अक्रोडही चाखून पाहिले. ते दिवाळीत आणलेले, काचेच्या बरणीत बाहेरच ठेवलेले आणि निम्मे खवट निघाले. अक्रोडातील तेल फार लवकर खवट होते. ते फ्रिजमध्ये ठेवावे, एवढे सांगून पुढे जाते.

खजुराचा प्रश्न मात्र एवढ्या झटपट सुटणारा नव्हता. घरात दोन प्रकारचे खजूर होते. एक फ्रिजमधून विकला जाणारा, काळा, ओलसर, बोटात धरताच कुस्करणारा किमिया, जो इराणी मझाफती जातीचा असतो. आणि दुसरा रविवार पेठेतून सुटा आणलेला, पिवळसर तपकिरी, कमी ओल असलेला झाहिदी. पहिल्या दोन घाण्यांत किमिया वापरला होता आणि तो मिश्रणात जवळजवळ विरघळून गेला होता. काकांची एक तक्रार, जिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, ती हीच होती : "तिच्या वडीत खजूर दिसायचा." अमेरिकेतील खजूर प्रामुख्याने कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात पिकतो, आणि तेथील मोठ्या लागवडीची जुनी जात डेगलेट नूर ही आहे, ती मध्यम कोरडी, आकार टिकवून धरणारी असते. मालकीणबाईंच्या डब्यात नेमके काय होते हे कार्ड सांगत नाही, पण चिरला असता तुकडा तुकडाच राहील असा खजूर कृतीला अभिप्रेत आहे, हे 'एक कप चिरलेला' या मापावरूनच दिसते. किमिया कपात चेपून भरला तर चिरलेल्या कोरड्या खजुरापेक्षा वजनाने कितीतरी जास्त बसतो, आणि तेवढी साखर व ओल मिश्रणात वाढते. आम्ही झाहिदी घेतला. प्रत्येक खजूर उभा चिरून आत पाहावा, हे येथे जाता जाता सांगते. बिनबियांच्या म्हणून विकलेल्या खजुरातही बी सापडते, आणि कधी कधी बीपेक्षा नकोसे असेही काही सापडते.

एवढे सगळे तपासूनही मूळ प्रश्न उरलाच होता, तो असा की, बार नेमका कसा व्हायला हवा, हे त्या घरात एका माणसाखेरीज कोणालाच माहीत नव्हते आणि त्या माणसाला ते सांगता येत नव्हते. मी काकांना समोर बसवून विचारले. ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "थोडी वातडच हवी." सून हसली. काकूंनी ते वाक्य याआधीही दोनदा ऐकले होते आणि दोन्ही वेळा ती थट्टा आहे असे समजून सोडून दिले होते.

त्यांचे हसणे समजण्यासारखे आहे. मराठीत खाण्याच्या पोताला जेवढे शब्द आहेत त्यांतले कौतुकाचे शब्द पाहावेत : खुसखुशीत, कुरकुरीत, लुसलुशीत, मऊसूत, रवाळ, कणीदार. आणि दाताला प्रतिकार करणाऱ्या पदार्थासाठीचे शब्द पाहावेत : चिवट, चामट, वातड. हे सगळे तक्रारीचे आहेत. चावावे लागणे, चघळत राहावे लागणे, हा गुण मानून त्याला नाव देण्याची गरज आपल्या स्वयंपाकाला फारशी पडलेली नाही. माहीमच्या हलव्यासारखा एखादा अपवाद आहे, पण त्याचेही वर्णन आपण 'चिकट' असे निम्म्या मनाने करतो. मालकीणबाईंच्या बारचा संपूर्ण डौल त्या एका गुणात होता, आणि काकांना त्यासाठी जवळचा म्हणून जो शब्द सापडला तो नेमका शिवीसारखा होता. चव न घेता करणाऱ्या काकूंनी मग दर वेळी तो दोष दूर करण्याचाच प्रयत्न केला. पहिला घाणा वातड म्हणून नाकारला असे त्यांना वाटले, म्हणून दुसऱ्यात दूध-लोणी घालायला त्यांनी संमती दिली. दुसरा फार मऊ म्हटला गेला, म्हणून तिसरा नानकटाईसारखा खुसखुशीत करावा या हेतूने तो अधिक भाजू दिला. तिन्ही घाण्यांचे दोष वरवर वेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : पदार्थ केक किंवा बिस्किट यांपैकी काहीतरी असणार असे धरून चालणे.

आणि मग काकूंचे ते पाकाचे वाक्य पुन्हा वर आले. हा पदार्थ ओव्हनमध्ये भाजला जात असला तरी त्याच्या घडणीत तो वडीच्या जवळचा आहे. इतकी साखर असली की ती उपलब्ध पाणी आपल्याकडे ओढून घेते, मैद्यातील पिष्ट फुलायला त्यामुळे अधिक उष्णता लागते, आणि केकसारखी जाळी नीट बसतच नाही. त्याऐवजी मैदा, अंडे आणि घट्ट पाक यांचे एक दाट मिश्रण तयार होते. गरम असताना ते सैल असते, निवताना आळते. बहुतेक जातींच्या खजुरातील साखर मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या रूपात असते आणि ती ओल धरून ठेवण्यात पटाईत असते, म्हणून हा पाक पूर्ण कडक होत नाही, दाताखाली ओढला जातो. ओव्हनमधून काढताना बार जेवढा घट्ट लागेल त्यापेक्षा निवल्यावर तो पुष्कळ अधिक घट्ट होणार, हे गृहीत धरूनच त्याला बाहेर काढावे लागते. नारळाची वडी ताटात थापताना सैल वाटली तरी निवल्यावर बसते, हे काकूंना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. गोळीबंद पाकाची खूण थंड पाण्यात थेंब टाकून पाहतात, गरम पातेल्यात पाहत नाहीत, हेही नाही. कोमट असतानाच वडी कापतात, हेही नाही. आणि कार्डावरील 'गरम असतानाच कापावे' ही ओळ, जी तिन्ही वेळा केक मोडेल या भीतीने टाळली गेली होती, ती वाचल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

चौथा घाणा आणि पुढचे

किती भाजावे हा प्रश्न आता अंदाजावर सोडायचा नव्हता. आम्ही कार्डाप्रमाणे वजनाने मिश्रण केले (काकूंच्या लहान अंड्यांमुळे दोन अंड्यांत तिसऱ्यातले दोन छोटे चमचे घालून १०० ग्रॅम भरून काढले) आणि ते ७ बाय ३ इंचांच्या फॉइलच्या तीन डब्यांत प्रत्येकी २१० ग्रॅम याप्रमाणे ओतले, म्हणजे थराची जाडी ८ इंची चौकोनी डब्यातल्याइतकीच राहील. तिन्ही डबे एकदम आत ठेवले आणि १७, २० व २४ मिनिटांनी एकेक बाहेर काढला. लहान डब्यांच्या कडा लवकर तापतात, त्यामुळे हे आकडे मोठ्या डब्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. निवल्यावर वजने अनुक्रमे २००, १९५ आणि १८९ ग्रॅम भरली. पहिल्या आणि तिसऱ्या डब्यात अवघ्या ११ ग्रॅम पाण्याचे अंतर होते.

चव त्या दिवशी घेतली नाही. ताज्या बारमध्ये वरची कड कोरडी आणि मध्य ओला असतो. डब्यात एक रात्र ठेवल्यावर ओल सारखी पसरते आणि मगच खरा पोत कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन वाट्यांत तीन तुकडे, कोणता कोणता हे न सांगता, काकांपुढे ठेवले. पहिल्याबद्दल ते म्हणाले की, हा टाळूला चिकटतो. तिसऱ्याला त्यांनी 'मागच्या विटेचा धाकटा भाऊ' ठरवले. मधला तुकडा त्यांनी काही न बोलता चघळला, मग वाटी पुढे करून आणखी मागितला. काकूंनी त्या तुकड्याचा दुसरा भाग दोन बोटांत धरून दाबला, वाकवला, सोडला, आणि तो सावकाश पूर्ववत झाला तेव्हा "असं होय" एवढेच म्हणाल्या. चव घेता येत नसलेल्या बाईंना प्रथमच एक खूण हाताला लागली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्या बोटांची होती.

त्यानंतर ओव्हनमधली खूणही त्यांनीच बसवली. कडा डब्यापासून किंचित सुटलेल्या असाव्यात, वरचा भाग सोनेरी तपकिरी आणि कोरडा असावा, मध्यावर बोट अलगद टेकले तर खळगा उमटावा आणि तो अर्धवट राहावा. पूर्ण भरून आला तर उशीर झाला. सुरी बाजूला ठेवली गेली. नव्या ९ इंची डब्यासाठी आम्ही सव्वापट माप धरले : साखर २५० ग्रॅम, मैदा ११५, अंड्याचा गर १२५, खजूर १९०, अक्रोड १४५, आणि बेकिंग पावडर पाव चमच्याहून जराशी जास्त. या डब्याला त्यांच्या ओव्हनमध्ये २३ मिनिटे लागतात. दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे, बटर पेपरसकट उचलून घ्यावे, धारदार सुरी ओली करून १ बाय ३ इंचांचे २७ तुकडे करावेत.

काकांचे समाधान अजून पुरते झालेले नव्हते. "वर एक पापुद्रा असायचा, चकचकीत, चावताना आधी तो फुटायचा." हे ऐकून मला बरे वाटले, कारण पापुद्र्याचे कारण ठाऊक असलेले होते. अंड्यात साखर नीट विरघळली आणि फेटली गेली की भाजताना वर तसा पातळ, चमकदार थर धरतो. आपल्याकडची साखर दाणेदार असते. दुकानात मिळणाऱ्या एस-३० आणि एम-३० या प्रतींपैकी एम-३० चा दाणा तर चांगलाच मोठा असतो, आणि इतक्या थोड्या पाण्यात तो पूर्ण विरघळत नाही. पाचव्या घाण्याला साखर मिक्सरमधून दोनदा फिरवून बारीक रव्याइतकी केली. पिठीसाखर करायची नाही, आणि विकतची पिठीसाखर तर मुळीच नको, कारण तिच्यात बहुधा मक्याचे पिष्ट मिसळलेले असते. अंडी आणि ही साखर चारेक मिनिटे, चिमटीत दाणा लागेनासा होईपर्यंत फेटली. त्यापुढे फेटत राहिले तर हवा जास्त भरते आणि पदार्थ पुन्हा केकच्या वाटेला लागतो. पापुद्रा धरला. बार कापताना तो तडकला, थोडा सांडला, आणि सांडलेला चुरा काकांनी ताटलीतून बोटाने टिपून खाल्ला.

पिठीसाखरेत घोळवण्याबाबत मात्र मी कार्डापासून थोडी दूर गेले आहे. गरम बार घोळवला की साखर ओल शोषून विरघळते आणि तिचा पातळ लेप तयार होतो. तो चवीला चांगला लागतो, पण पांढरेपणा राहत नाही. म्हणून एकदा गरम असताना आणि एकदा वाढण्यापूर्वी, असे दोनदा घोळवावे. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, तेव्हा कापलेल्या कडा उघड्यावर काही तासांत सुकतात, म्हणून पत्र्याच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवणे आवश्यक आहे. आषाढ-श्रावणात नेमके उलटे होईल आणि साखर डब्यातही पाझरू लागेल.

शेजारच्या बाईंनी बिनअंड्याची कृती मागितली होती. अंडे काढून दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातले तर खाण्याजोगे काहीतरी निश्चित होईल, परंतु या कृतीत पाकाला धरणारे अंड्याखेरीज दुसरे काही नाही, आणि ते काढल्यावर कार्डाशी नाते उरत नाही. ज्यांना अंडे नको त्यांच्यासाठी आपली खजुराची वडी आहेच. तुपावर परतलेला खजूर, सुकामेवा आणि खसखस यांच्यापुढे मला तरी कोणतीही तडजोड करावीशी वाटत नाही. काकूंनी त्यांना तीच करून दिली.

जानेवारीअखेर काकूंनी कार्ड मराठीत उतरवले. त्यात कप नाहीत, ग्रॅम आहेत. फॅरनहाइट नाही, 'आमच्या ओव्हनला १६० च्या जरा पुढे' असे आहे. आणि भाजण्याच्या ओळीपुढे कंसात 'वडी समजून काढणे' असे लिहिलेले आहे. सुनेने दुसऱ्या घाण्याची कृतीही त्याच वहीत, 'खजूर केक (मुलांचा)' या नावाने स्वतंत्रपणे नोंदवली आहे.

फेब्रुवारीत त्यांनी मला सहाव्या घाण्यातले काही बार डब्यातून पाठवले. पोत बिनचूक होता, पण प्रत्येक तुकड्याची एक कड मोडलेली होती आणि पापुद्रा उडालेला होता, तेव्हा कापायला उशीर झाला असावा असे मी फोनवर म्हटले. काकूंनी मान्य केले. डबा बाहेर काढून ठेवला होता, पंधरा मिनिटांनी कापायचे ठरले होते, आणि दुपारचे जेवण झाल्यावर त्यांचा जरा डोळा लागला होता.